भाव आणि मोल

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. कोल्हापूर आणि गूळ ही नावे आज जोडीनेच उच्चारली जातात. पाडव्याच्या मुहूर्तावर गुळाचे सौदे निघतात. आवक वाढली की भाव उतरतो, घटली की चढतो. परंतु भाव उतरला म्हणून गुळाची गोडी उतरत नाही. भाव बाजार ठरवितो, मोल वस्तूच्या अंगी असते.

बेंजामिन ग्रॅहम व डेव्हिड डॉड या अमेरिकन अध्यापकद्वयाने १९३४ साली आपल्या ग्रंथात हाच विवेक समभागांस लावला. कंपनीची मालमत्ता, कर्ज व मिळकत तपासून तिचे मोल अजमावावे, आणि भाव त्याहून पुष्कळ खाली असेल तेव्हाच समभाग घ्यावा. मधले अंतर म्हणजे आपल्या अजमासातील चुकीसाठी राखलेली सोय होय. मात्र स्वस्त ते सारेच चांगले नव्हे. नासलेली ढेपही स्वस्तच मिळते.

येथे एक शंका उभी राहते. घाबरून विकणाऱ्याचा माल स्वस्तात उचलणे म्हणजे त्याच्या अडचणीचा लाभ घेणे नव्हे काय? खोटी भीती घालून माल काढून घेणे हा निःसंशय अधर्म होय. परंतु सारे पाठ फिरवीत असता जो खुल्या बाजारात बोली लावतो, तो पडत्या भावाला आधारच देतो, असे आम्हांस वाटते. तो नसता, तर विकणाऱ्याचे नुकसान अधिकच झाले असते.

ज्यांना हिशेब तपासण्यास सवड नाही, त्यांच्यासाठी म्युच्युअल फंड आहेत. 'व्हॅल्यू फंडा'ने याच धोरणाने चालावे व किमान ६५ टक्के रक्कम समभागांत ठेवावी, असा दंडक सेबीने २०१७ साली घातला. तथापि व्यवस्थापकाच्या हाती पैसा सोपविता येतो, धीर सोपविता येत नाही. पडत्या बाजारात गुंतवणूकदार रक्कम परत मागू लागले, की ऐन खरेदीच्या वेळी त्यास विक्री करावी लागते. भ्यालेल्यांच्या घाईची झळ थांबलेल्यांस लागते. म्हणून ज्या पैशाची गरज लवकर पडणार आहे, तो येथे घालूच नये.

मोल ओळखणे हे बुद्धीचे काम खरे. पण बाजाराला ते पटेपर्यंत, प्रसंगी कित्येक वर्षे, थांबणे हे शीलाचे काम आहे. आणि ते ज्याचे त्यानेच करावयाचे असते.