ऐकू जात असेल तर?

आजी आयसीयूत होती तेव्हा तिच्या उशाशी उभा राहून मी बिलाबद्दल बोललो होतो. मेंदूत रक्तस्राव होऊन चार दिवस झाले होते. काकांनी विचारलं, अजून किती दिवस असं चालायचं? मी मोबाईलवर हिशेब करत म्हणालो, "आठवडाभर निघाला तर एफडी मोडावी लागेल." आईने माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. "तिच्यासमोर नको," एवढंच ती म्हणाली.

मी तेव्हा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. "आई, तिचा स्कोअर सहा आहे. तिला काही कळत नाहीये." आईने वाद घातला नाही. आत गेली आणि आजीच्या कानाशी रोजच्यासारखा हरिपाठ म्हणू लागली. मला नर्ससमोर ओशाळल्यासारखं झालं.

हा स्कोअर म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी तो मांडला. डोळे उघडतात का, बोलणं कसं आहे, हालचाल कशी होते, या तिन्हींचे गुण मिळून कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. मोजमाप फार उपयोगाचं आहे, जगभर वापरलं जातं. पण त्यात मोजलं जातं ते शरीराने बाहेर दिलेलं उत्तर. मी दारावर थाप मारली, दार उघडलं नाही, आणि घर रिकामं आहे असं ठरवून मोकळा झालो.

आजी अकराव्या दिवशी गेली. त्यानंतर दोनेक वर्षांनी एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञाचं संशोधन माझ्या वाचनात आलं. २३ वर्षांची एक तरुणी अपघातानंतर पाच महिने कुठल्याच हाकेला प्रतिसाद देत नव्हती. ओवेन आणि सहकाऱ्यांनी तिला एफएमआरआय यंत्रात ठेवून सांगितलं, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग सांगितलं, तुझ्या घरातल्या खोल्यांमधून फिरते आहेस अशी कल्पना कर. दोन्ही वेळी तिच्या मेंदूचे नेमके तेच भाग उजळले, जे धडधाकट माणसांचे उजळत होते. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. २०२४ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णालयांचा एकत्र अभ्यास आला. हाकेला काहीच उत्तर न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचे मेंदू आतल्या आत सूचना पाळत होते. म्हणजे चारात एक.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एफडीचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, माझ्याच आवाजात.

इथे एक सोपी वाट दिसते. फॅमिली ग्रुपवर अशा बातम्या येतात तेव्हा खाली लगेच लिहिलेलं असतं, 'आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं', सोबत क्वांटमचा एखादा तुकडा. त्या वाटेने मला जायचं नाही. या प्रयोगांतून आत्मा सिद्ध होत नाही, आणि आजीला हरिपाठ ऐकू जात होता हेही सिद्ध होत नाही. तिचा मेंदू कोणी तपासला नव्हता.

पण उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहायला हवी. त्याच अभ्यासात ११२ रुग्ण असे होते, जे उघड उघड सूचना पाळत होते. त्यांच्यातसुद्धा यंत्राला खूण सापडली ती फक्त ३८ टक्क्यांत. म्हणजे खूण सापडली नाही यावरून आत कोणी नाही, असं म्हणता येत नाही. आणि खूण सापडली, तरी त्या माणसाला आतून काय वाटतंय हे यंत्र सांगत नाही. मेंदूतल्या घडामोडींमधून 'मला वाटतंय' हे मुळात उगवतंच कसं, याला डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये जाणिवेचा 'अवघड प्रश्न' म्हटलं. तो अजून सुटलेला नाही.

मग विज्ञान आणि अध्यात्म भेटतात कुठे? उत्तरांमध्ये भेटतात असं मला वाटत नाही. हरिपाठ ऐकू जातो याची आईला खात्री होती का, हे मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "खात्री कुठली? पण ऐकू जात असेल तर?" मला वाटतं, ओवेनच्या मनातही हाच प्रश्न असणार. त्याने तो यंत्राला विचारला, आईने रोज तासभर आजीजवळ बसून जगला. दोघांनीही न हलणाऱ्या देहाला वस्तू मानायचं नाकारलं. विज्ञानाचं नाव घेत होतो मी, आणि न तपासता निकाल देऊन बसलो होतो मीच.

यात धोका आहे, हे मला कळतं. 'ऐकू जात असेल तर' म्हणत घरं कर्जात बुडतात, उपचार थांबवायचा निर्णय वर्षानुवर्षं लांबतो. तो हिशेब करावाच लागतो. मी केला यात चूक नव्हती. चूक एवढीच, की जिच्याबद्दल बोलत होतो ती तिथे नाहीच, असं धरून बोललो.

गेल्या महिन्यात एका मित्राचे वडील तशाच अवस्थेत होते. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हणालो, "काका, मी आलोय." पापणीही हलली नाही. मित्र माझ्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने खर्चाचा विषय निघाला, तेव्हा मीच उठलो आणि म्हणालो, "चल, बाहेर बोलू."