उत्पन्नाचा रकाना

एटीएम कार्ड मिळायला पगार लागतो, हा समज बीड जिल्ह्यात इतका घट्ट बसला आहे की तो खोडायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ‘आपली काय नोकरी आहे का, आपल्याला कोण देतंय कार्ड’ असं धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात बायका सहज बोलून जातात. नियम मात्र नेमका उलटा आहे. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बेसिक बचत खात्याच्या सूचना काढल्या. शिल्लक शून्य असली तरी चालेल, एटीएम कार्ड फुकट, त्यावर वर्षाचं शुल्क नाही, महिन्यातून चार वेळा पैसे काढायला काही द्यायचं नाही. 28 ऑगस्ट 2014 ला जनधन योजना सुरू झाली, तिच्या खात्याबरोबर तर रुपे कार्ड यायचंच. पॅन कार्ड नसेल तर फॉर्म 60 भरून द्यायचा. पगाराची पावती यात कुठेच नाही, आणि असावी तरी कशाला? क्रेडिट कार्डावर बँक स्वतःचे पैसे उधार देते, तेव्हा तिने ऐपत विचारणं रास्त. डेबिट कार्डावर माणूस आपलेच पैसे काढतो.

तरीही अर्जात वार्षिक उत्पन्नाचा रकाना असतोच. तो बँकेच्या नोंदीसाठी असतो. तिथे ‘मजुरी’ लिहून अंदाजे आकडा टाकला तरी अर्ज अडायचं कारण नाही. पण काउंटरपलीकडून ‘उत्पन्न किती?’ असं खड्या आवाजात विचारलं की ऊसतोडीची बाई गप्प होते. ते गप्प होणं मला अडाणीपणाचं वाटत नाही. त्या प्रश्नाला तिच्याकडे खरोखरच सरळ उत्तर नसतं.

बीडच्या ऊसतोडणीत पैसा उलट्या दिशेने चालतो. पगारदाराला आधी काम, मग पैसे. इथे दसरा-दिवाळीच्या आधीच टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती हातात पडते तोवर खर्चून गेलेली असते: मागच्या हंगामाची बाकी, मुलीचं लग्न, दवाखाना. मग सातारा, सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडावर चार-सहा महिने ती फेडायची. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. तो दरही उचलीच्या हिशेबातच वळता होतो. खाडा झाला की दंड, आणि तोही त्याच वहीत. उचलीची रक्कम मुकादम कशाच्या भरवशावर देतो? ना केवायसी, ना जामीनदार. दोन माणसांचे धडधाकट हात बघून तो पैसे मोजतो. बँक मात्र शून्य शिल्लकीच्या खात्यालाही चार कागद मागते. म्हणून मुकादम जवळचा वाटतो, यात नवल नाही. त्याचा कागद मागाहून, हंगामभर अंगावर निघतो, एवढंच.

आता त्या बाईचं उत्पन्न काढून बघा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, व्यवहार ठरतो नवऱ्याशी, सही किंवा अंगठा त्याचा. कारखान्याच्या दप्तरी व्यवहार असतो तो मुकादमाशी नाहीतर वाहतूक ठेकेदाराशी. ऊस तोडायला, मोळ्या बांधायला, त्या डोक्यावर घेऊन गाडी भरायला ती बरोबरीने असते, पण टनाची जी पावती निघते तिच्यावर तिचं नाव येत नाही. हंगामात तिच्या हातात स्वतंत्र पैसा येतो तो वाढ्याचा. तोडलेल्या उसाचे शेंडे बांधून ती जनावरवाल्यांना विकते, आणि त्या रोख रकमेवर मीठ-मिरची, तेल, पोराचं औषध भागतं. वाढ्याचे पैसे कुठल्याही अर्जात बसत नाहीत. तिच्या उत्पन्नाला आपण अनियमित म्हणतो. खरं तर ते दरवर्षी ठरल्या वेळी होतं, नोंदलं मात्र कुठेच जात नाही.

म्हणूनच तिच्या नावाचं खातं आणि कार्ड मला एवढं मोलाचं वाटतं. तिथे ती अर्धा कोयता नसते. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये आधार जोडलेल्या खात्यावर यायला लागले, तेव्हा अनेकींनी पासबुक पहिल्यांदा शोधून काढलं. योजनेमागच्या राजकारणाबद्दल मला काय वाटतं ते राहू दे. घरातल्या बाईचं खातं चालू आहे का बंद पडलंय, हा प्रश्न त्यामुळे घराघरात विचारला गेला.

‘कार्ड कशाला, अंगठा लावला की सीएसपीवाला (बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राचा माणूस) पैसे देतो’ असं पुष्कळ जण म्हणतात. अडचण त्या अंगठ्याचीच आहे. उसाची पात करवतीसारखी कापते, कोयत्याच्या मुठीने तळहाताला घट्टे पडतात, बोटांवरच्या रेषा झिजतात. मशीनवर बोट ठेवायचं, पुसायचं, दुसरं ठेवायचं, आणि ‘मॅच होत नाही, उद्या या’ ऐकून परत फिरायचं. कार्डाला बोटांशी देणंघेणं नाही. शिवाय कार्ड फडापासच्या गावातल्या एटीएमवरही चालतं. गावाकडची शाखा तिथून कितीतरी कोस लांब. फिरत्या मजुराला कार्डाची गरज पगारदारापेक्षा जास्त, आणि नेमकं त्याच्याकडेच ते नसतं, किंवा असलं तरी पेटीच्या तळाशी पडलेलं असतं. कार्ड डाकेने येतं तेव्हा घराला कुलूप असतं. पिन घ्यायला ओटीपी लागतो आणि खात्याला जोडलेला नंबर केव्हाच बंद झालेला असतो. ऑगस्ट 2018 नंतरच्या जनधन खात्यांच्या रुपे कार्डावर 2 लाखांचा अपघात विमा आहे, पण त्यासाठी अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत कार्ड वापरलेलं असावं लागतं. ट्रॉल्या उलटतात, माणसं विहिरीत पडतात. पेटीतल्या कार्डाचा त्यांना काय उपयोग?

आणि हातात असलं तरी ते कुणाच्या हातात? पाकिटावर पेनाने पिन लिहून कार्ड नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे दिलेलं, हे चित्र इतकं सर्रास आहे की त्यात कुणाला वावगंही वाटत नाही.

बँकेतल्या माणसांना नुसते बोल लावून भागणार नाही. तालुक्याच्या शाखेत दोन-तीन माणसं, पीकविम्याची आणि निराधार योजनेची रांग दारापर्यंत, त्यात शून्य शिल्लकीचं खातं म्हणजे काम वाढतं, धंदा काही नाही. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे त्यातून येतं. पण पुढच्या आठवड्यात टोळीची गाडी निघालेली असते. युरोपीय संघाने 2014 मध्येच प्राथमिक खातं आणि त्यावरचं कार्ड हा तिथल्या रहिवाशाचा कायदेशीर हक्क ठरवला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, पण शाखेने टोलवलं तर आधी बँकेकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची असते, हे त्या बाईला कोण सांगणार?

कारखान्याने तोडणीचे पैसे थेट मजुराच्या खात्यावर टाकावेत, अशी सूचना अधूनमधून होते. चांगलीच आहे. फक्त ती अमलात आणायला बसलं की पहिल्याच दिवशी कारकून विचारेल, एका कोयत्याचे पैसे किती खात्यांवर टाकायचे? त्याच्या यादीत एका जोडीला एकच ओळ असते, आणि बाईसाठी दुसरी ओळ घाला असं अजून त्याला कुणी सांगितलेलं नाही.