शेणखत टाकलं की उधळलं?

परवा केजहून अंबाजोगाईकडे जाताना एका फाट्यावर उतरलो. रस्त्याकडेच्या वावरात शेणखताचे ढीग ओळीनं मांडलेले, वर वैशाखाचं ऊन. बांध ओलांडून एका ढिगात हात घातला. वरचं अर्धकच्चं शेण करडं पडून खडंग वाळलेलं. चुरगाळलं तर बोटांतून नुसता भुसा गळाला. मालकाला विचारलं, "कधी टाकलंस?" म्हणाला, "महिना झाला सर. पाऊस पडला की पसरू." माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा!

अरे, महिनाभर नत्र तुझी वाट पाहत बसणार आहे काय? पहाटे गोठ्यात शिरल्यावर डोळे झोंबतात, नाक चरचरतं, तो अमोनिया. म्हणजे तुमचं नत्रच वाऱ्यावर चाललेलं असतं. आपली जमीन चुनखडीची, त्यात हे ऊन. इथं तर ते जास्तच उडतं. जे उडत नाही ते उघड्या उकिरड्यातून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला जातं. मग जुलैत कृषी केंद्रासमोर युरियासाठी रांगा लावता आणि सरकारच्या नावानं बोटं मोडता.

हिशेब करा. चांगलं कुजलेलं १० टन शेणखत म्हणजे साधारण ५० किलो नत्र, युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास अडीच गोण्या. ते सगळं पहिल्याच पिकाला मिळत नाही, हे खरं. पण उडून गेलेलं कोणत्याच पिकाला मिळत नाही. आणि गोमूत? जनावर जेवढं नत्र बाहेर टाकतं त्यातलं निम्म्याच्या आसपास मुतात असतं. ते तुम्ही गोठ्यातून थेट नालीला सोडता! २०१९च्या दुष्काळात हीच गुरं जगवायला छावणीत रात्री काढल्या तुम्ही. मी पाहिलंय. त्या गुरांचं देणं असं मातीमोल करताना काहीच कसं वाटत नाही?

सोयाबीनचं भुसकट पेटवून देता, ते गुरांखाली अंथरा. मूत शोषून घेईल. रोज सकाळी ते शेणासकट खड्ड्यात टाका. खड्डा सावलीत, ३ फूट खोल, ५-६ फूट रुंद. लांबी गुरांच्या मानानं. जमिनीच्या वर दीड-दोन फूट भरला की शेणमातीनं लिंपून बंद करा. चार-पाच महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत हाताला लागेल आणि त्याला घाण वास येणार नाही.

वावरात नेलेलं खत त्याच दिवशी पसरा आणि मागोमाग वखराची पाळी घाला. ट्रॅक्टरवाला उद्या येणार असेल तर खतही उद्याच न्या. रात्रभरसुद्धा उघडं ठेवायचं नाही.

गोठ्याशेजारी जागा नाही, ही सबब मी ऐकणार नाही. मृगाच्या आधी खड्डा खणा. मी बघायला येणार आहे.