चेहरा कशासाठी पाहायचा?

“ग्रहणात विळीवर बसली असेल.” दुभंगलेल्या ओठाचं बाळ बघायला आलेल्या एक बाई त्याच्या आईदेखत हे बोलल्या. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

ग्रहणाचा आणि ओठाचा संबंध नाही, हे वाचकांना सांगायला नको. वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यातच सांधला जातो. दिवस गेल्याचं कित्येकींना तेव्हा जेमतेम कळलेलं असतं.

मला मात्र आईच्या बाजूने पुरावा हवा होता. माँट्रियलच्या क्लार्क फ्रेझर आणि पाशायान यांनी 1970 मध्ये अशा मुलांच्या आई-वडिलांचे चेहरे अभ्यासले. इतरांच्या मानाने त्यांचा वरचा जबडा सरासरीने कमी पुढे आलेला दिसला. पुढे अनेकांनी बाजूने काढलेल्या एक्स-रेवर कवटीचे कोन मोजले. चेहऱ्याची ठेवण वारशाने येते आणि काही ठेवणींत गर्भातले ओठाचे भाग एकमेकांपर्यंत पोचायला कमी पडतात, असा त्यामागचा विचार. शिवाय इथे बापही मोजला जातो. मला वाटलं, आई सुटली!

ओळखीच्या दंतवैद्यांना हे पटेना. “उद्या सासू म्हणेल, सुनेचा जबडाच मागे.” मी हटून बसलो: कारण वेगळं, दोष वेगळा. हा सरासरीतला बारीक फरक. तशाच चेहऱ्याच्या बहुतेकांची मुलं अखंड ओठाची जन्मतात. पण मुलगी बघताना नाकाची उंची तोलणाऱ्या घरात सरासरी कोण समजून घेणार? तिथे तो कोन नवी विळीच ठरेल. आणि जिने काही केलंच नाही, तिच्यासाठी पुरावा मागणारा मी तरी कोण?

मग आई-बापांकडे पाहूच नये? तसंही नाही. काहींच्या खालच्या ओठावर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, टाचणीने टोचल्यासारखे दोन खळगे असतात. घरचे जन्मखूण समजून सोडून देतात. बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असेल, तर ते व्हॅन डर वूड सिंड्रोमचं लक्षण असू शकतं. मग त्यामागचा जनुकीय बदल पुढच्या प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. हे आई-बापाला आधी कळायलाच हवं. म्हणून चेहरा पाहायचा तो पुढच्या बाळाच्या तयारीसाठी. झालेल्या बाळाचा जाब विचारायला नव्हे.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यापासून होते, टाळूची बहुधा दीड वर्षाच्या आत. असं बाळ बघायला जाल तेव्हा एवढंच विचारा: तारीख कधीची मिळाली, आणि सोबत कोण येऊ?