रेनेचे चाक

इंग्लंडात आल्यापासून दर जुलैमध्ये मी ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत टीव्हीवर पाहतो, आणि पन्नाशीनंतर पुन्हा स्वतःही सायकल काढली आहे. समोरून वारा असला की पुढच्याच्या मागे राहून किती श्रम वाचतात, हे तेव्हा पायांना कळले. शर्यतीतही सहकारी वारा अंगावर घेतात; जिंकतो संघनायक.

१९३४ साली पिरेनीज पर्वतात आंतोनँ मान्य या नायकाचे चाक मोडले. २० वर्षांच्या रेने व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि मदतीची वाट पाहत रस्त्याकडेच्या भिंतीवर रडत बसला. दुसऱ्या दिवशी मागे फिरून सायकलच दिली! आंतोनँ जिंकला, रेने पाचवा. टूर त्याला पुढेही कधी जिंकता आली नाही.

मंडळी, रडत केलेला हा त्याग निष्काम म्हणायचा का? आमच्या मंडळातले एक काका ‘नाही’ म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला काही नकोच होते, त्याने सोडले काय?

माझा थोरला भाऊ आईवडिलांपाशी साताऱ्याला राहिला, म्हणून मला इथे येता आले. आपल्यालाही परदेशी जायचे होते, हे तो आजही हसत सांगतो. ते हसणे मला काही निरिच्छ वाटत नाही.