आंबट ओसरल्यावर

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आपल्या येळवशीला, अक्कलकोट भागातली माणसं घरं बंद करून रानात जातात. पलीकडं धाराशिव-लातुरातही तेच. कडब्याची कोप, आत मांडलेली पूजा, भज्जी, उंडे, भाकरी आणि डोक्यावरून आणलेल्या बिंदग्यातली आंबील. पंगत बसायला अजून वेळ असेल, तर एक पेला आंबील आधीच बाजूला काढून घ्या. ठेचलेला लसूण, मिरची, कोथिंबीर पडायच्या आधी. लसणानं आंबिलीला चव येते हे खरं, पण तिचे दोषही त्याच्यामागं लपतात. आज तिची पारख करायची आहे. पेला घेऊन बांधावर बसा.

आधी नुसतं बघा. पेला हलवू नका. हळूहळू पीठ खाली बसायला लागतं आणि वर पाणीदार थर येतो. एखाददुसरा बुडबुडा फुटत असेल तर फुटू द्या, आंबण अजून चालू आहे. गुलाबी, हिरवट किंवा केसाळ काही दिसलं तर मात्र पारख तिथंच संपली, ओतून टाका. तसं काही नसेल तर ढवळा आणि पेला जरा तिरपा करून पुन्हा सरळ धरा. चांगली आंबील कडेवरून सावकाश उतरते आणि मागं पातळ पडदा सोडते. उन्हाकडं धरलं तर त्या पडद्यात पिठाचे कण दिसतात. पाण्यासारखी झरकन उतरली तर पीठ कमी पडलंय.

आता वास. श्वास लहान घ्या. पहिल्यांदा ताक येईल, ते येऊन जाऊ द्या. दुसऱ्या श्वासाला त्याच्यामागं ज्वारी सापडते का पाहा, भाकरीचं पीठ मळायला घेताना येतो तसा ओलसर वास. तो सापडेपर्यंत थांबा. त्याऐवजी नाकात चरचरणारं, शिरक्यासारखं काही आलं तर समजा, आंबण भलतीकडं गेलंय.

आंबटपणाच्या या दोन जाती आहेत. ताकातले जिवाणू पिठातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. ते मऊ असतं, तोंडभर पसरतं. शिरक्यातलं ॲसिटिक आम्ल उडून जाणारं, म्हणून ते आधी नाकाला झोंबतं. सोलापूरच्या वैशाखात आंबण काही तासांत तयार होतं, मार्गशीर्षाच्या थंडीत त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. कुणी ज्वारीचं पीठ सरळ ताकात कालवून ठेवतं, कुणी आधी शिजवून, गार करून मग ताक घालतं. कधी थांबायचं, हे मात्र करणारीच्या नाकावर असतं.

बेल्जियममध्ये फ्लांडर्सच्या औदेनार्दे गावी अशीच पारख एका आंबट, तपकिरी बिअरची होते. तिथली लिफमान्स ब्रूअरी १६७९पासूनची. १९४६मध्ये तिथं सेक्रेटरी म्हणून लागलेल्या रोझा मर्क्स पुढं ब्रूमास्टर झाल्या, बेल्जियममधल्या या कामातल्या पहिल्या स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. त्या बिअरला मनुका आणि करपवलेल्या साखरेच्या अंगाची गोडी असते आणि तिच्या आतून लॅक्टिक आंबटपणा येतो. जुनी मुरलेली बिअर आणि नवी बिअर एकत्र करून तो तोल साधतात. बिअर स्पर्धांच्या परीक्षकांच्या एका गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात. त्यात रूपाला फक्त ३, वासाला १२ आणि चवीला २०. मला ही वाटणी पटते. आंबिलीत नशा नाही आणि तिला गुण द्यायला कुणी बसत नाही, पण हीच वाटणी तिलाही लागू पडेल.

आता घोट घ्या, लहान. गिळू नका. आंबट आधी जिभेच्या कडांना लागेल, मग जबड्याच्या मागं पाणी सुटेल. सुटू द्या. पीठ जिभेवर कसं वाटतं ते बघा, मऊसूत की कचकचीत. आता गिळा, तोंड मिटून घ्या आणि काहीच करू नका. दुसरा घोट घ्यायचा मोह होईल, तो टाळा.

खरी पारख इथं आहे. आंबट हळूहळू ओसरतं. ते ओसरल्यावर तोंडात काय उरतं? नुसता कोरडेपणा उरला तर ती आंबवलेली आहे, पण आंबील झालेली नाही. ज्वारीची हलकी गोडी उरली, घोट उतरून गेल्यावरही जिभेच्या मध्यावर टिकली, तर ती जमली. आंबट कितीही असो, त्याच्यामागं धान्य उभं पाहिजे. औदेनार्देच्या बिअरलाही याहून वेगळा निकष लावता येणार नाही. नुसती आंबट बिअर करणं तिथंही अवघड नाही.

समोर बघा. काळ्या रानात शाळू हिरवा उभा आहे, हुरड्याला अजून वेळ आहे. पेल्यातली ज्वारी मागच्या सुगीची. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी असेल किंवा घरचं जुनं बी असेल. ताकाचं विरजणही कालच्या दह्यातून आलेलं, ते परवाच्या. या पेल्यात ताजं म्हणावं असं फार थोडं आहे. हे ध्यानात ठेवून दुसरा घोट घ्या. पहिल्याला जे सुटलं ते आता लागेल.

यानंतर मीठ लागतं का ते ठरवा. माझ्या मते लोक मीठ फार लवकर घालतात. मिठानं ज्वारी उठून दिसते, पण जास्त झालं की नुसतं ताक प्यायल्यासारखं होतं.

पंगतीत आपण सगळेच आंबिलीला ‘मस्त झालीय’ म्हणतो आणि पेला पुढं करतो. चार दिवस आधीपासून जिनं पीठ कालवलं, रोज झाकण काढून वास घेतला, तिला यातून काहीच कळत नाही. या येळवशीला तिला नेमकं सांगा: आंबट ओसरल्यावर ज्वारी लागली, किंवा या खेपेला लागली नाही.