असलेली बरी!

माणसाने किती निरोगी असावं, हा प्रश्न मला वैद्यकापेक्षा नीतीचा वाटतो. पैसा किती असावा हे संतांनी सांगून ठेवलंय. जीवनसत्त्वं किती असावीत, यावर मात्र कुणी बोललं नाही. त्यांचा दोष नाही. ‘व्हिटॅमिन’चं बारसंच मुळी १९१२ साली कासिमिर फुंक यांनी केलं.

मी पडलो कॉमर्सचा. मला शरीर बँकेसारखं दिसतं. ‘क’ जीवनसत्त्व म्हणजे चालू खातं; जादा भरणा लघवीवाटे परत. ‘अ’ म्हणजे मुदत ठेव. यकृतात साठतच राहतं. आणि पासबुक म्हणजे कातडी! १५९७ साली उत्तर ध्रुवाकडच्या नोव्हाया झेम्ल्यावर अडकलेल्या डच खलाशांनी अस्वलाचं यकृत खाल्लं. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व ठासून भरलेलं. तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. पण बर्फात अडकलेल्या माणसापुढे मेनू कार्ड नसतं.

आमच्या हेड कॅशियरना घरून चारखणी डबा येतो. तरीही ते अकराच्या चहाबरोबर ५०० मिलिग्रॅम नायसिन घेतात. प्रौढ पुरुषाला दिवसाला साधारण १६ पुरतं. अर्ध्या तासात चेहरा, मान लालेलाल, वर खाज. समोरच्या खातेदाराला वाटतं, साहेब भडकले. तो बिचारा नोटा पुन्हा मोजतो.

“डॉक्टरांनी दिलीय?” मी विचारलं.

“छे हो! असलेली बरी.”

‘असलेली बरी’ हेच ते दुखणं! अमेरिकेत मोंटानाचे स्टॅन जोन्स १९९९ पासून घरी केलेलं चांदीचं पाणी प्याले. २००० साल उजाडताच संगणक बंद पडतील, औषधं मिळेनाशी होतील, ही धास्ती. साल उजाडलं, संगणक चालूच राहिले. जोन्स मात्र निळे-राखाडी झाले. २००२ साली सिनेटची निवडणूक लढवली, तीही त्याच रंगात. ही ठेव मुदत संपल्यावरही परत मिळत नाही.

अंगात खरोखरच काही कमी असेल, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावीच. ती कर्जफेड आहे. पण काही कमी नसताना घेतलेली गोळी कशासाठी? आपण तिला ‘तब्येतीची काळजी’ म्हणतो. मला तर ती भीती वाटते. हावरा माणूस निदान पोट भरल्यावर ढेकर देतो. भ्यालेल्याला ‘पुरे’ हा शब्दच ठाऊक नसतो.

काळा पैसा एकवेळ बेनामी खात्यात लपवता येईल. निळी भीती कुठे लपवणार?